हेन्री फोर्ड आणि त्यांची मॉडेल टी



या महिन्याच्या भित्तिपत्रकाचा विषय थोरांची ओळख असा आहे. आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांनी शिवाजी महाराज, सावित्रीबाई फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांच्यावर लिहिले आहे. मी हेन्री फोर्ड यांच्यावर लिहिते आहे. ते अमेरिकेत राहत होते. त्यांनी मॉडेल टी नावाची मोटारगाडी काढली. ती गाडी इतकी खपली की साध्या शेतकऱ्याच्या दारातसुद्धा मोटार उभी राहिली. त्याच्या आधी मोटार फक्त श्रीमंतांची असायची. गुरुजींनी मला शाळेच्या संगणकावरून माहिती वाचून दाखवली, समजावून सांगितली, आणि मी ती माझ्या शब्दांत लिहून काढली. हेन्री लहान असेपर्यंत मी त्याला अरे-तुरे करणार आहे. मोठा झाल्यावर मात्र फोर्डसाहेब म्हणेन.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यात, डेट्रॉईट शहराजवळच्या एका शेतावर झाला. त्या भागाला आता डिअरबॉर्न म्हणतात. त्याच्या वडिलांचे नाव विल्यम व आईचे नाव मेरी होते. वडील मूळचे आयर्लंड देशातले. तिकडे बटाट्याचे पीक कुजले आणि मोठा दुष्काळ पडला, तेव्हा १८४७ साली ते बोटीत बसून अमेरिकेत आले. हेन्री सहा भावंडांत थोरला होता. म्हणजे शेतातली कामं त्याच्याच अंगावर पडायची. गुरांना चारा, लाकडं फोडणं, कोंबड्या, सगळं. पण त्याला शेतकामाचा फार कंटाळा. त्याला वाटायचं की एवढ्या थोड्या धान्यासाठी माणसाला आणि घोड्याला इतके कष्ट का पडावेत? हे काम यंत्राने का होऊ नये?

त्याला यंत्रांची भारी आवड होती. घरात कुणाला नवीन खेळणं आणलं, की ते हेन्रीपासून लपवून ठेवायचे, कारण तो ते लगेच उघडून बघायचा, असं सांगतात. पुढे त्याला घड्याळांचा नाद लागला. तो शेजारपाजारच्या लोकांची घड्याळं दुरुस्त करून देऊ लागला.

१८७६ हे वर्ष त्याच्या आयुष्यात फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात त्याची आई बाळंतपणात वारली. तेव्हा हेन्री फक्त १२ वर्षांचा होता, म्हणजे आपल्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा. पुढे तो म्हणायचा की आई गेल्यावर आमचं घर मुख्य स्प्रिंग नसलेल्या घड्याळासारखं झालं. त्याच वर्षी उन्हाळ्यात तो वडिलांबरोबर घोडागाडीतून डेट्रॉईटला चालला होता. वाटेत समोरून एक वाफेचं इंजिन स्वतःहून चालत आलं. त्याला घोडे जुंपलेले नव्हते. मळणी यंत्र आणि लाकडाची गिरणी चालवायला ते इंजिन शेतोशेती न्यायचे. हेन्रीने टुणकन गाडीतून उडी मारली आणि इंजिनवाल्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. साखळी कशी फिरते, चाकाला जोर कुठून मिळतो, सगळं. त्या दिवसापासून रस्त्यावर आपोआप चालणारी गाडी करायचीच, हे त्याच्या डोक्यात बसलं.

१८७९ साली, १६ वर्षांचा असताना, हेन्री शेत सोडून डेट्रॉईटला गेला आणि यंत्रशाळेत उमेदवारी करू लागला. दिवसा लोखंडाचं काम आणि रात्री एका सराफाच्या दुकानात घड्याळदुरुस्ती. पगार पुरत नव्हता ना, म्हणून. १८८२ मध्ये तो परत गावाकडे आला. आता गावातल्या लोकांची वाफेची इंजिनं चालवायला आणि दुरुस्त करायला त्यालाच बोलावू लागले.

११ एप्रिल १८८८ रोजी त्याचं क्लारा ब्रायंट या मुलीशी लग्न झालं. इथून पुढे मी फोर्डसाहेब म्हणते. १८९१ साली दोघं नवरा-बायको डेट्रॉईटला राहायला गेले. फोर्डसाहेबांना एडिसन कंपनीच्या वीजघरात नोकरी मिळाली. दोन वर्षांत ते मुख्य इंजिनियर झाले. ६ नोव्हेंबर १८९३ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव एडसेल. या एडसेलचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

आता एक गंमत ऐका. एडसेल सात आठवड्यांचा होता. नाताळच्या आदल्या रात्री क्लाराबाई स्वयंपाकात गुंतल्या होत्या. तेवढ्यात फोर्डसाहेब एक छोटं पेट्रोलचं इंजिन घेऊन स्वयंपाकघरात आले आणि भांडी घासायच्या बेसिनला ते घट्ट आवळलं. क्लाराबाईंना म्हणाले, तू थेंब थेंब पेट्रोल घाल, मी चाक फिरवतो. ठिणगीसाठी घरातल्या विजेची तार लावली. इंजिन फडफडलं, बेसिन हललं, ज्वाळा निघाली, धूर झाला. पण इंजिन चाललं! बाळ शेजारच्या खोलीत होतं. आमच्या आईने हे ऐकल्यावर ती म्हणाली की मी असते तर इंजिन आणि माणूस दोन्ही अंगणात घातले असते. पण क्लाराबाईंनी नेहमी साथ दिली.

नंतर घरामागच्या विटांच्या शेडमध्ये फोर्डसाहेब रात्र-रात्र खपून पहिली गाडी करत होते. तिला सायकलसारखी चार चाकं होती आणि तिचं नाव क्वाड्रिसायकल. ४ जून १८९६ रोजी पहाटे गाडी तयार झाली. पण बाहेर काढायला गेले तर दार अरुंद! गाडी करताना दाराचं माप घ्यायचं राहूनच गेलं होतं. मग त्यांनी कुऱ्हाड घेतली आणि भिंतीच्या विटा फोडून वाट केली. पहाटेच्या अंधारात गाडी रस्त्यावर आली. पुढे एक मित्र सायकलवरून जाऊन लोकांना सावध करत होता. या गाडीला मागे जाण्याचा गिअरच नव्हता. पुढे त्यांनी ती २०० डॉलरला विकली आणि त्या पैशातून दुसरी करायला घेतली. त्याच वर्षी त्यांची थॉमस एडिसन यांच्याशी भेट झाली. टिकाऊ विजेचा दिवा बनवणारे तेच एडिसन. त्यांनी पेट्रोलच्या गाडीची कल्पना ऐकून शाबासकी दिली. फोर्डसाहेब ती शाबासकी जन्मभर विसरले नाहीत.

पण लगेच यश आलं असं समजू नका. १८९९ साली काढलेली पहिली कंपनी १९०१ मध्ये बंद पडली. दुसरी कंपनी निघाली, पण भागीदारांशी पटलं नाही, म्हणून १९०२ मध्ये ते बाहेर पडले. मधल्या काळात त्यांनी स्वतः शर्यतीची गाडी बनवली आणि १० ऑक्टोबर १९०१ रोजी अलेक्झांडर विंटन नावाच्या नामांकित गाडीवाल्याला शर्यतीत हरवलं. त्यामुळे त्यांचं नाव झालं आणि लोक पुन्हा पैसे लावायला तयार झाले. १६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनी सुरू झाली. तेव्हा हातात रोख २८ हजार डॉलर होते. ही तिसरी खेप. फोर्डसाहेब तेव्हा जवळजवळ ४० वर्षांचे होते.

कंपनीच्या गाड्यांना इंग्रजी अक्षरांची नावं दिली होती. पहिली मॉडेल ए. मग बी, सी, एफ, एन, अशी. काही भागीदारांना वाटायचं की श्रीमंतांसाठी महाग गाड्या कराव्यात, त्यात नफा जास्त. फोर्डसाहेबांचं मत उलटं होतं. त्यांना एकच साधी, मजबूत, स्वस्त गाडी करायची होती, जी शेतकऱ्याला घेता येईल आणि त्यालाच दुरुस्त करता येईल. डेट्रॉईटच्या पिकेट अव्हेन्यू कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर त्यांनी एक खोली बंद करून घेतली. तिथे हंगेरी देशातून आलेले जोझेफ गालांब आणि दुसरे कारागीर फळ्यावर खडूने आकृत्या काढायचे. फोर्डसाहेब एका आरामखुर्चीत बसून बघायचे. ती खुर्ची त्यांच्या आईची होती.

अशी तयार झाली मॉडेल टी. १ ऑक्टोबर १९०८ रोजी ती लोकांसमोर आली. दोन माणसांच्या गाडीची किंमत ८२५ डॉलर आणि पाच माणसांच्या गाडीची ८५० डॉलर. तेव्हाच्या दुसऱ्या चांगल्या गाड्या याच्या दुप्पट-तिप्पट महाग होत्या.

आता मॉडेल टी कशी होती ते सांगते. तिला चार सिलिंडरचं २० अश्वशक्तीचं इंजिन होतं. चारही सिलिंडर एकाच लोखंडी ठोकळ्यात ओतलेले आणि वरचं झाकण निघणारं, म्हणजे आत काही बिघडलं तर झाकण काढून दुरुस्ती करता यायची. तिच्यात व्हॅनेडियम नावाचा धातू मिसळलेलं पोलाद वापरलं होतं. ते हलकं पण चिवट असतं. गाडी जमिनीपासून चांगली उंच होती, कारण अमेरिकेतले त्या वेळचे खेड्यातले रस्ते म्हणजे आपल्या पावसाळ्यातल्या पाणंद रस्त्यासारखे. चिखल, चाकोऱ्या आणि दगड. जास्तीत जास्त वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटर.

चालवायची पद्धत मात्र आताच्या गाडीपेक्षा वेगळी. खाली तीन पायपट्ट्या होत्या. डावी पट्टी गिअरची, मधली मागे जायची आणि उजवी ब्रेकची. आणि पेट्रोल वाढवायचं ते पायाने नाही, तर स्टिअरिंगखालच्या दांडीने, हाताने. गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे, आपण विहिरीवरच्या डिझेल इंजिनला मारायचे तसं. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. पुढे १९१९ पासून बटणाने सुरू होणारी सोय मिळू लागली.

अजून एक मजा. पेट्रोलची टाकी सीटखाली होती आणि पेट्रोल पंपाने नाही तर उताराने इंजिनात जायचं. मोठा चढ आला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं, की इंजिन टाकीपेक्षा उंच व्हायचं आणि बंद पडायचं. मग लोक काय करायचे? गाडी उलटी फिरवून मागच्या मागे चढ चढायचे! हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळे हसले. पण ते अगदी खरं आहे.

शेतकऱ्यांना ही गाडी फार आवडली. बाजाराला, चर्चला, डॉक्टरकडे जायला ती उपयोगी पडायचीच. शिवाय ते मागचं एक चाक जॅकवर उचलायचे, त्याला पट्टा जोडायचे आणि त्यावर लाकूड कापायची करवत, पाण्याचा पंप, धान्य दळायची चक्की चालवायचे. काम झालं की पट्टा काढायचा आणि त्याच गाडीत बसून गावाला जायचं. लोकांनी तिला लाडाने टिन लिझी असं नाव पाडलं होतं. लिझी हे तिकडचं बाईचं नाव.

मागणी इतकी वाढली की कारखाना पुरेना. १९१० साली हायलंड पार्क येथे मोठा नवा कारखाना सुरू झाला. तरी गाड्या कमीच पडत. तेव्हा फोर्डसाहेब आणि त्यांच्या माणसांनी एक नवी रीत काढली. ती आता मी पंगतीचं उदाहरण देऊन समजावते. पंगतीत ताटं जागेवर असतात आणि वाढपी फिरतात. एक जण भात घेऊन, एक जण वरण घेऊन. पूर्वी गाड्या तशाच बनायच्या. गाडी एका जागी उभी आणि कामगार सामान घेऊन तिच्याभोवती फिरायचे. फोर्डसाहेबांनी हे उलटं केलं. वाढपी जागेवर उभे आणि ताटंच त्यांच्यासमोरून सरकत जातात, तसं. गाडीचा सांगाडा पुढे सरकायचा आणि प्रत्येक कामगार आपल्या जागेवर उभा राहून एकच काम करायचा. एक जण चाक लावणार, पुढचा नट आवळणार. १९१३ साली हे सुरू झालं. आधी एक सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे. १९१४ मध्ये तेच काम ९३ मिनिटांत होऊ लागलं. मी गणित केलं. साडेबारा तास म्हणजे ७५० मिनिटं. म्हणजे पूर्वी एक व्हायची तेवढ्या वेळात आता आठ होऊ लागल्या.

इथे मला माझ्या बाबांविषयी लिहायचं आहे. माझे बाबा पुण्याकडे एका कारखान्यात अशाच सरकत्या लाईनवर काम करतात. त्यांच्याकडे गाडी आली की ते दरवाजाचे चार बोल्ट आवळतात. लगेच पुढची गाडी येते. परत चार बोल्ट. दिवसभर तेच. बाबा सांगतात की लाईन कुणासाठी थांबत नाही, नाकावर माशी बसली तरी हाकलायला सवड नसते. पंधरा दिवसांनी ते घरी येतात. रात्री झोपेत त्यांचा उजवा हात फिरतो. आई हळूच तो हात धरून ठेवते. ही लाईन पहिल्यांदा कुणी काढली हे मला म्हणूनच जाणून घ्यायचं होतं.

फोर्डसाहेबांच्या कामगारांनाही असंच वाटायचं. दिवसभर तेच तेच काम, त्यात घाई. माणसं कंटाळून सोडून जायची. १९१३ साली सुमारे १४ हजार माणसं कामावर टिकवण्यासाठी वर्षभरात ५० हजारांहून जास्त माणसं भरती करावी लागली. म्हणजे आज आलेला उद्या गायब. मग ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डसाहेबांनी जाहीर केलं की कामगाराला दिवसाला ५ डॉलर मिळतील. आधी अडीच डॉलरच्या आतच मिळायचे, म्हणजे रोज दुपटीपेक्षा जास्त झाला. आणि कामाचे तास नवावरून आठ केले. सगळ्या देशात ही बातमी पसरली. कडाक्याच्या थंडीत हजारो माणसं कारखान्याच्या दारात जमा झाली. काम तर सगळ्यांना मिळणार नव्हतं. गर्दी हटेना तेव्हा त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले. थंडीत ओले झालेले ते बिचारे लोक कसे घरी गेले असतील?

त्या ५ डॉलरलाही अटी होत्या. कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जाऊन बघायची. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पैसे शिल्लक टाकतो का. नापास झाला तर पूर्ण पैसे नाहीत. आणि कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना हा वाढीव रोज सुरुवातीला मिळतच नव्हता. हे मला मुळीच आवडलं नाही. पण चांगली गोष्टही सांगते. हात-पाय अधू असलेल्या पुष्कळ माणसांना त्यांनी कामावर घेतलं. कृष्णवर्णीय लोकांना तेव्हा दुसरे कारखाने दारात उभं करत नव्हते, त्यांनाही फोर्डसाहेबांनी मोठ्या संख्येने काम दिलं.

गाड्या झटपट होऊ लागल्या तशी किंमत उतरत गेली. दरवर्षी थोडी थोडी कमी. १९२५ मध्ये दोन माणसांची मॉडेल टी २६० डॉलरला मिळू लागली. दिवसाचा रोज ५ डॉलर धरला तर ८२५ डॉलरसाठी १६५ दिवस काम करावं लागलं असतं. २६० डॉलरसाठी फक्त ५२ दिवस. म्हणजे गाडी बनवणारा कामगार तीच गाडी विकत घेऊ शकत होता. रंगाचं मात्र असं, की सुरुवातीला लाल, हिरव्या, राखाडी गाड्या मिळायच्या, पण १९१४ पासून १९२५ पर्यंत सगळ्या मॉडेल टी काळ्याच. काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता.

शेतीचे कष्ट फोर्डसाहेब विसरले नव्हते. १९१७ साली त्यांनी फोर्डसन नावाचा ट्रॅक्टर काढला. लहानपणी वाफेचं इंजिन बघून मनात आलेली इच्छा त्यांनी अशी पुरी केली. आपल्या गावातही एका खळ्यावर जुना निळा ट्रॅक्टर उभा आहे. त्याच्या नाकावर फोर्ड अशी अक्षरं अजून वाचता येतात. येता-जाता बघा.

आता वाईट गोष्टी. हा भाग लिहावा की नाही यावर आमच्या गटात भांडण झालं. एक जण म्हणाला की थोरांच्या चरित्रात वाईट लिहीत नसतात. मी म्हटलं की मग ते चरित्र अर्धंच होईल. गुरुजींनी सांगितलं की खरं असेल तर लिहा. म्हणून लिहिते.

फोर्डसाहेबांनी एक वर्तमानपत्र विकत घेतलं होतं. त्यात १९२० पासून ज्यू धर्माच्या लोकांविरुद्ध खोटंनाटं आणि द्वेषाचं लिखाण छापलं गेलं. जगात काही वाईट झालं की ज्यूंनीच केलं, असं त्यात असायचं. त्या लिखाणाची पुस्तकं निघून ती जर्मनीपर्यंत गेली. खटला झाला, तेव्हा १९२७ मध्ये फोर्डसाहेबांनी माफी मागितली आणि ते वर्तमानपत्र बंद झालं. पण छापलेली पुस्तकं परत कशी येणार? १९३८ साली हिटलरच्या सरकारने त्यांना पदक दिलं आणि त्यांनी ते घेतलं. ज्या हिटलरने पुढे लाखो ज्यू लोकांना मारलं, त्याचं पदक.

दुसरी गोष्ट ७ मार्च १९३२ ची. तेव्हा अमेरिकेत मोठी मंदी होती. बेकार झालेले हजारो भुकेले कामगार काम मागायला फोर्डच्या रूज कारखान्यावर मोर्चाने गेले. पोलिसांनी आणि कारखान्याच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी चार जण मेले आणि एक जण नंतर मेला. कामगारांनी संघटना करू नये म्हणून फोर्डसाहेबांनी पुष्कळ वर्षं आडकाठी केली. शेवटी १९४१ साली त्यांना संघटनेशी करार करावाच लागला.

आता परत एडसेलकडे येऊ. तो मोठा होऊन १९१९ साली कंपनीचा अध्यक्ष झाला. पण नावालाच. सगळं वडीलच ठरवायचे. एडसेल सांगत होता की आता नवीन गाडी काढू या. शेव्हर्लेच्या गाड्या रंगीत येताहेत, त्या बसायला आरामाच्या आहेत, लोक थोडे पैसे जास्त देऊन त्याच घेताहेत. पण फोर्डसाहेबांना मॉडेल टीबद्दल एक शब्दही ऐकायचा नव्हता. त्यांच्या मते ती गाडी पूर्ण झालेली होती, तिच्यात बदलण्यासारखं काही नव्हतंच. १९२६ साली कंपनीतल्या एका मोठ्या अधिकाऱ्याने हेच धीर करून लिहून कळवलं, तर त्याची नोकरी गेली. खप मात्र घसरत चालला.

शेवटी ऐकावंच लागलं. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी कारखान्यातून बाहेर आली. दीड कोटी म्हणजे एकावर पाच आणि पुढे सहा शून्यं. ती गाडी एडसेल चालवत होता आणि शेजारी फोर्डसाहेब बसले होते. नंतर मॉडेल टी बंद झाली. नवीन गाडीची तयारीच केलेली नव्हती, म्हणून कारखाने कित्येक महिने बंद राहिले आणि हजारो कामगार घरी बसले. साहेबांच्या हट्टाचा भुर्दंड कामगारांनी भरला, असं मला वाटतं. २ डिसेंबर १९२७ रोजी नवी गाडी आली. तिला परत पहिलंच नाव दिलं, मॉडेल ए. मॉडेल टीच्या खपाचा विक्रम मात्र ४५ वर्षं टिकला. १९७२ साली जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटल गाडीने तो मोडला.

एडसेल पोटाच्या कॅन्सरने २६ मे १९४३ रोजी वारला. तो फक्त ४९ वर्षांचा होता. तारीख बघितलीत का? त्या दीड कोटीव्या गाडीची आणि ही, दोन्ही २६ मे. बेसिनवरच्या इंजिनाच्या वेळी जो शेजारच्या खोलीत होता, तोच हा एडसेल. त्याच्यानंतर ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या फोर्डसाहेबांनी परत कंपनी हातात घेतली, पण त्यांना झेपेना. १९४५ मध्ये एडसेलचा मुलगा, दुसरा हेन्री फोर्ड, अध्यक्ष झाला.

आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली एक गोष्ट सांगायची राहिली. १९४१ साली फोर्डसाहेबांनी महात्मा गांधींना पत्र लिहिलं होतं. त्या वर्षांत गांधीजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहत असत. पुढे त्यांनी फोर्डसाहेबांना चरखा पाठवला. एक जण हाताने सूत काढा असं सांगणारा, तर दुसरा जगातल्या सगळ्यात मोठ्या यंत्रांचा मालक. तरी दोघांना एकमेकांबद्दल आदर होता. दोघांनाही खेड्यातल्या माणसाचे कष्ट कमी व्हावेत असं वाटत होतं, पण त्यांचे रस्ते फार वेगळे होते.

७ एप्रिल १९४७ रोजी डिअरबॉर्नच्या आपल्या घरी फोर्डसाहेब वारले. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. त्या दिवशी रूज नदीला पूर आला होता आणि घरातली वीज गेली होती. जन्माच्या वेळी घरात विजेचे दिवे नव्हते. मधे ते वीजघराचे मुख्य इंजिनियर झाले. आणि शेवटच्या रात्री घरात मेणबत्त्या आणि तेलाचा दिवा होता. क्लाराबाई जवळ होत्या.

फोर्डसाहेबांना थोर म्हणावं का? आमच्या वर्गात याच्यावर हात वर करायला सांगितलं. २३ पैकी १४ जणांनी हो म्हटलं, ९ जणांनी नाही म्हटलं. मी हो वर हात केला, पण पूर्ण वर नाही. दोन कंपन्यांत अपयश आलं तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही, हे घेण्यासारखं आहे. गरिबाला परवडेल अशी वस्तू करायचा त्यांनी ध्यास घेतला, हेही घेण्यासारखं आहे. पण मुलाचं ऐकलं नाही, कामगारांचं ऐकलं नाही आणि एका धर्माच्या लोकांचा द्वेष केला, हे घ्यायचं नाही. दळण घेताना आई सुपात पाखडते, तसं चरित्रही पाखडून घ्यावं.

पालकांना एक विनंती आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जण साखर कारखान्यात, कंपनीत नाहीतर गॅरेजात काम करता. संध्याकाळी घरी आल्यावर आम्हाला सांगा, की आज तुमच्या हातून कोणती वस्तू झाली. आम्हाला ऐकायला आवडतं. आम्ही मुलं मोठी होऊन यंत्रं काढू, तेव्हा ती वेगाने चालावीत हे तर बघूच. पण ती चालवणाऱ्याला नाकावरची माशी हाकलता यावी, एवढी सवड त्या यंत्रात आम्ही ठेवू.

 पुढच्या महिन्यात शेजारच्या फळ्यावर चित्रकला आहे. तिथे मी मॉडेल टीचं चित्र काढणार आहे. रंग अर्थातच काळा.

इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक १४
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा